सावलीला दोष देण्यापूर्वी

शेतकऱ्याच्या घरी कोथिंबिरीची जुडी पैसे मोजून आणावी लागते, ही गोष्ट आम्हाला खटकते. आमच्या बेळगाव-खानापूर भागात भात पिकतो, ऊस पिकतो, रताळी पिकतात. पण स्वयंपाकघराच्या मागची जागा ओसाड असते. कारण विचारले तर उत्तर ठरलेले : "फादर, तिथे ऊन कुठे पडते? फणसाची सावली आहे."

हीच तक्रार एकेकाळी आम्हीही केली आहे. राहत्या घरामागे विटांचा उंच वाफा बांधून आम्ही त्यात टोमॅटो व मिरची लावली. रोपे उंच व फिकट वाढली, फुले गळली आणि हाती मूठभर फळही आले नाही. आम्ही फणसाला नावे ठेवली. दोष फणसाचा नव्हता, आमच्या निवडीचा होता.

म्हणून आमचे सांगणे एवढेच की, आधी ऊन मोजा, मग बी घ्या. सकाळपासून दर तासाला पाहून वाफ्यावर किती वेळ थेट ऊन येते ते लिहून ठेवा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, तेव्हा घराच्या उत्तरेकडील ऊन पुष्कळ कमी होते. म्हणून मे महिन्यात एकदा व डिसेंबरात एकदा, असे दोनदा मोजावे.

नियम सोपा आहे. ज्याचे फळ खायचे त्याला ऊन भरपूर लागते. ज्याचे पान खायचे त्याचे थोडक्यात भागते. टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी यांना रोज 6 ते 8 तास ऊन हवे. पालक, मेथी, कोथिंबीर यांना 3-4 तास पुरतात, आणि सकाळचे कोवळे ऊन असेल तर उत्तमच. कोथिंबीर तर कडक उन्हात लवकर फुलावर येते; तिला दुपारची सावली मानवते. धणे रगडून दोन फाकी करून पेरावेत. पुदिना सावलीत फोफावतो, पण त्याची मुळे सगळा वाफा व्यापतात. त्याला वेगळी कुंडी द्यावी. ओलसर कोपऱ्यात अळू, कुंपणाशी मयाळूचा वेल, दाराशी पानओवा लावावा. आले व हळद नारळी-पोफळीच्या विरळ सावलीत होतातच. मेअखेर हळद लावली तर 15 ऑगस्टच्या सणाला पातोळ्यांसाठी पानेही घरचीच मिळतील.

आमच्याकडचा पाऊस मोठा. जुलैत पालेभाजी कुजते. ती सप्टेंबरनंतर पेरावी. पालेभाजीला वीतभर खोल माती पुरे, आल्या-हळदीला फूटभर हवी. दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत व एक भाग वाळू घ्यावी, आणि तळाला पाणी जाण्यास भोके ठेवावीत. एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो : फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा, कितीही धुतला तरी, भाजी लावायला घेऊ नये.

हे सारे चार पैसे वाचवण्यासाठीच सांगतो असे नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 15 ते 49 वर्षांच्या स्त्रियांपैकी 57 टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. पालेभाजीने हा आजार एकदम बरा होतो असे आम्ही म्हणणार नाही. पानांतील लोह शरीराला थोडेच लागू पडते. म्हणून भाजीवर लिंबू पिळावे, जेवणाबरोबर चहा टाळावा, आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करू नयेत. पण रोजच्या ताटात हिरवे पान असणे ही आरोग्याची पहिली पायरी आहे. जुडी विकत आणली की घरातल्या बाईच्या वाट्याला बहुधा उरलेसुरलेच येते. दाराशी वाफा असेल तर तिला हात आखडावा लागत नाही.

तेव्हा पुरुषमंडळींनो, शेतावर निघण्यापूर्वी एक रविवार या वाफ्याला द्या. विटा लावा, माती भरा. फणस तोडण्याची गरज नाही. त्याच्या सावलीत जे वाढते, तेच लावा.