पाणबुडीचा चित्रपट मुंबईने करावा

माझगाव डॉकमध्ये पाणबुड्या बांधल्या जातात आणि गोरेगाव-अंधेरीत चित्रपट. दोन्हींमध्ये अंतर लोकलच्या तासाभराचे. तरीही आपल्या देशात पाणबुडीवरचा नाव घेण्याजोगा जो एक चित्रपट झाला, तो हैदराबादहून आला. संकल्प रेड्डी या नव्या दिग्दर्शकाने ‘द गाझी अटॅक’ तेलुगू आणि हिंदीत एकाच वेळी केला. तो २०१७ साली पडद्यावर आला आणि त्याला सर्वोत्कृष्ट तेलुगू चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. त्यात के के मेनन आणि अतुल कुलकर्णी यांनी उत्तम कामे केली. म्हणजे नट मुंबईचे चालले, गोष्ट मात्र मुंबईला सुचली नाही. याची खंत वाटते.

उपनगरांना नौदल काही परके नाही. घाटकोपरला नौदलाचे मोठे भांडार आहे, कांजूरमार्गला नौदलाच्या नागरी कर्मचाऱ्यांची वसाहत आहे, मालाडला मार्व्याच्या बाजूला ‘आयएनएस हमला’ आहे. मुलुंड-भांडुपकडून निघून, कुर्ल्याला गाडी बदलून डॉकयार्ड रोडला उतरणाऱ्या कामगारांच्या पिढ्या झाल्या. २०१७ साली नौदलात दाखल झालेल्या ‘कलवरी’पासून २०२५ च्या ‘वागशीर’पर्यंत सहा पाणबुड्या माझगावच्या गोदीतून बाहेर पडल्या. त्यांतल्या ‘खांदेरी’चे नाव तर शिवाजी महाराजांच्या जलदुर्गाचे. इतके सगळे दाराशी असताना आपले लेखक-दिग्दर्शक तिकडे फिरकत का नाहीत?

खर्च फार, समुद्र कुठून आणायचा, परवानग्या कोण देणार, ही नेहमीची उत्तरे. त्यांना परस्पर उत्तर देणारा चित्रपट १९८१ सालीच होऊन गेला आहे. वोल्फगांग पीटरसन यांचा जर्मन ‘दास बूट’ मी पाणबुडीपटांत सर्वांत वरचा मानतो. त्याचे बहुतेक चित्रीकरण म्युनिकच्या स्टुडिओत झाले, आणि म्युनिकला समुद्रच नाही! त्यांनी पाणबुडीचा आतला भाग पूर्ण आकाराचा उभा केला, तो कलता-डुलता ठेवला आणि छायाचित्रकार योस्ट वाकानो हातात कॅमेरा घेऊन त्या बोळातून नटांच्या मागे धावले. नटांचे चेहरे पांढुरके दिसावेत म्हणून त्यांना उन्हातही जाऊ दिले नाही. चित्रपटातल्या जातीची पाणबुडी सुमारे ६७ मीटर लांबीची, आपली ‘कलवरी’ही जवळपास तेवढीच. लोकलचे तीन डबे आणि वर थोडे, एवढ्या लांबीत पन्नासएक माणसे, यंत्रे, पाणतीर आणि महिन्यांचा शिधा.

अशा चित्रपटात पाहण्यापेक्षा ऐकणे मोठे असते. खऱ्या पाणबुडीला खिडकी नसते. डोक्यावरून विनाशिका जाते आहे हे तिच्या पंख्याच्या आवाजावरून ओळखायचे, सोनारचा टणत्कार अंगावर घ्यायचा, आणि हातातला पाना खाली पडणार नाही याची काळजी करायची. दर दहा मीटरला पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. तीनशे मीटरवर तो तीस पटींच्या वर गेलेला असतो. ‘दास बूट’मध्ये खोलीमापकाचा काटा सरकत राहतो, कुणी बोलत नाही, आणि मग बोल्ट गोळीसारखे सुटू लागतात. पोलादाच्या कुरकुरण्यावर एवढा प्रसंग उभा राहतो. ‘गाझी’ जिथे असा गप्प राहतो तिथे तो फार चांगला आहे. जिथे त्याला घोषणा द्याव्याशा वाटतात तिथे तो पाण्यावर येतो. त्यातली एस-२१ या पाणबुडीची कामगिरीही कल्पनेतली. भारतीय नौदलाच्या नोंदीप्रमाणे विशाखापट्टणमसमोर ‘गाझी’ या पाकिस्तानी पाणबुडीला बुडवले ते ‘राजपूत’ या विनाशिकेने.

कल्पनेची आपल्याला गरज पडू नये, इतके आपल्याच पाण्यात घडून गेले आहे. १९७१ च्या डिसेंबरची ही गोष्ट पाहा. युद्ध पेटण्याच्या आदल्या रात्री आपला पश्चिम ताफा मुंबईहून निघाला. त्या वेळी ‘हँगोर’ ही पाकिस्तानी पाणबुडी मुंबईबाहेर पाण्याखाली दबा धरून होती. ताफा तिच्या टप्प्यात आला आणि निघून गेला. हल्ल्याचा हुकूम नव्हता म्हणून पाणतीर सोडले नाहीत, असे तिच्या कप्तानाने पुढे सांगितले. दादर-अंधेरी-घाटकोपर झोपेत असताना समुद्रात हे चालले होते. ९ डिसेंबरला त्याच ‘हँगोर’ने दीवजवळ आपली ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. त्याच युद्धात कराचीकडच्या पाण्यात आपली जुनी ‘करंज’ पाणबुडी गस्त घालत होती, आणि तिचे कप्तान वि. सिं. शेखावत पुढे नौदलप्रमुख झाले. दोन्ही बाजूंच्या पाणबुड्या एकाच समुद्रात, एकमेकींना न दिसता. मारण्याचा हुकूम नसलेला कप्तान पेरिस्कोपमागे काय विचार करत असेल, या एका प्रश्नावर दोन तासांचा चित्रपट पेलेल.

अपघातांबद्दलही बोलले पाहिजे. १४ ऑगस्ट २०१३ च्या मध्यरात्री मुंबईच्या नौदल गोदीत ‘सिंधुरक्षक’ या पाणबुडीमध्ये स्फोट झाले आणि १८ जण गेले. सहा महिन्यांनी, २६ फेब्रुवारी २०१४ ला, मुंबईपासून दूर समुद्रात ‘सिंधुरत्न’मध्ये धूर भरला. सहकाऱ्यांना वाचवताना लेफ्टनंट कमांडर कपिश मुवाल आणि लेफ्टनंट मनोरंजन कुमार यांनी प्राण दिले. दोघांना मरणोत्तर शौर्यचक्र मिळाले. नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी त्याच दिवशी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. अशा विषयाला हात लावला तर नौदलाचा अपमान होईल ही भीती मला पटत नाही. सोव्हिएत पाणबुडीतल्या १९६१ च्या अणुभट्टीच्या अपघातावर कॅथरिन बिगेलो यांनी २००२ मध्ये ‘के-१९’ केला. तो पाहून त्या खलाशांबद्दलचा आदर वाढतोच.

साहसाची, अद्भुताची आवड असणाऱ्यांसाठी तर नायकही आपलाच आहे. ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’ या १९५४ च्या डिस्ने चित्रपटात जेम्स मेसन यांचा कॅप्टन नीमो ज्यांनी पाहिला, त्यांना वादळातली महाकाय माखलीशी झालेली झुंज विसरता येत नाही. पण ज्यूल व्हर्नने पुढच्या कादंबरीत उलगडा केला की नीमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, १८५७ च्या उठावात लढलेला. झाशीच्या शेजारचा! भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला त्याला आता कितीतरी वर्षे झाली. २००३ साली नसीरुद्दीन शाह यांनी नीमो साकारला, तोही परदेशी चित्रपटात. आपण अजून त्याला घरी आणलेले नाही.

मला मात्र सर्वांत आधी पाहायची आहे ती बांधणाऱ्यांची गोष्ट. ‘शाल्की’चे काम माझगावला १९८४ मध्ये सुरू झाले, १९९२ मध्ये ती नौदलात गेली, भारतात बांधलेली ती पहिली पाणबुडी. आपले लोक जर्मनीत कीलला जाऊन शिकून आले होते. पाणबुडीचे कवच जोडणारा सांधा केसाएवढाही कच्चा राहून चालत नाही, म्हणून प्रत्येक सांध्याची क्ष-किरणांनी तपासणी होते. १९९४ मध्ये ‘शंकुल’ झाली आणि दलालीच्या आरोपांत अडकलेला तो कार्यक्रम पुढे सरकलाच नाही. पुढच्या पाणबुड्यांचा करार व्हायला २००५ उजाडले. तोवर शिकलेले हात इतर कामांकडे गेले, कित्येक निवृत्त झाले, आणि ‘कलवरी’साठी पुन्हा पहिल्यापासून माणसे तयार करावी लागली. आरोप दिल्लीत झाले, कसब मात्र माझगावात गेले. यावर एकही चित्रपट नाही, एखादी मालिकाही नाही.

‘शाल्की’वर तेव्हा पंचविशीत असलेले कामगार आता पासष्टीच्या आसपास आहेत. लष्करी गुपिते त्यांना विचारायची गरज नाही. त्या अरुंद नळीत आडवे होऊन वेल्डिंग कसे करायचे, पहिल्यांदा ती पाण्याखाली गेली त्या दिवशी घरी काय वाटले, कार्यक्रम थांबल्यावर त्या रिकाम्या शॉपमध्ये काय केले, एवढे विचारले तरी पटकथेचा पहिला खर्डा होईल. अंधेरीच्या कार्यालयांत रोज बसणाऱ्या लेखकांनी एक रविवार कांजूरमार्ग-भांडुपला घालवावा, आणि तो याच वर्षी घालवावा.