लॅव्हेंडरचा मक्ता करण्याआधी माती पाहा

अत्तर, अगरबत्ती आणि साबणाच्या धंद्यातील अकोला-अमरावतीच्या काही बांधवांच्या मनात सध्या लॅव्हेंडर घोळत आहे. जम्मूकडील भद्रवाहच्या शेतकऱ्यांनी मक्याच्या जागी हे पीक घेतले, तेल काढले, २०२२ साली तेथे लॅव्हेंडर महोत्सवही भरला. हे सर्व खरे. परंतु तेथील शेते डोंगरउताराची, उंची सुमारे पाच हजार फूट आणि हिवाळ्यात बर्फ. ते पाहून इकडे काळी जमीन मक्त्याने घ्यायला निघणे आम्हाला धोक्याचे वाटते.

आपली जमीन वाईट नाही. कपाशीला जो तिचा गुण, तोच लॅव्हेंडरला मारक: ती पाणी धरते. चुनखडीचे या झाडाला वावडे नाही. अडते ते निचऱ्यावर. आषाढ-श्रावणात चिकणमाती फुगते, भेगा बुजतात, हवा खेळत नाही आणि मुळे कुजतात. दर्यापूर-अकोटकडील खारपाणपट्ट्यात तर विचारच नको. ट्रॅक्टरभर वाळू टाकून भारी जमीन हलकी होत नाही, पैसा मात्र जातो.

हौसच असेल तर मुरमाड बरड निवडावी. हातभर खड्डा खणून पाण्याने भरावा, जिरल्यावर पुन्हा भरावा. दुसरे पाणी दिवसभर उभे राहिले तर ती जागा सोडावी. एक-दीड फूट उंच वरंबे, त्यात मुरूम व जाड वाळू, शेणखत बेताचेच. जास्त खताने पाला माजतो. दहा रोपांना एक पावसाळा आणि अकोल्याचा एक मे महिना काढू द्या, मग हिशेब मांडा.

खरे तर सुगंधाचे पीक आपल्या दाराशीच आहे. खानदेश, निमाड, मेळघाटच्या उतारांवरील रोशा गवताचे तेल एके काळी मुंबईहून तांबड्या समुद्रामार्गे इस्तंबूलला जाई, आणि युरोपात ‘तुर्की जिरेनियम’ म्हणून विकले जाई. गुलाबाच्या अत्तरात त्याची भेसळही होई, हे आपल्या अत्तरवाल्यांना सांगायला नको! त्यातही कोरड्या, निचऱ्याच्या उतारावरची मोतिया जात मोलाची. ओलसर, भारी जागी वाढणारी सोफिया हलकी. म्हणजे येथेही प्रश्न मातीचाच.

बरड जमीन हाती असेल त्याने मोतियाचा विचार करावा, आणि मक्त्याचा कागद करण्यापूर्वी अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात माती तपासून घ्यावी. ज्याला लॅव्हेंडरचे तेलच हवे, त्याने ते तूर्त जम्मूहून मागवावे.