नंबर आमचा, सौदा तुमचा

माननीय अध्यक्ष आणि संचालक मंडळ,

तुमच्या कंपनीचं नाव मी या पत्रात लिहिणार नाही. गेल्या काही वर्षांत देशात इतक्या मोबाइल कंपन्या एकमेकींत मिसळल्या, की हे पत्र त्यांतल्या कुठल्याही कंपनीच्या दारात टाकलं तरी चालेल. नाव घेऊन बदनामी करावी, असंही मनात नाही. पण आमच्या घरात तुमच्यामुळे जे घडलं ते अजून विसरता येत नाही, आणि त्याबद्दल आजपर्यंत कुणी साधं ‘चुकलं’ म्हटलेलं नाही. म्हणून सगळ्यांसमक्ष लिहिते आहे.

माझे सासरे, आमचे नाना, साठच्या दशकात अमरावतीहून भोपाळला आले, ते इथल्या कारखान्यातल्या नोकरीसाठी. त्या वेळी कारखान्याचं नाव हेवी इलेक्ट्रिकल्स होतं, आता भेल. पिपलानीच्या क्वार्टरमध्ये संसार झाला, मुलं शिकली, आणि निवृत्त होताना त्यांनी अवधपुरीत हे घर बांधलं. निवृत्तीच्या थोडं आधी त्यांनी मोबाइल घेतला. तेव्हा येणाऱ्या कॉलचेही पैसे पडायचे. ते १ मे २००३ पासून बंद झाले, त्याच्या आधीचे आम्ही ग्राहक. तेव्हापासून नानांचा नंबर एकच. गॅसच्या पुस्तकावर तो, बँकेत तो, पेन्शनच्या कागदांवर तो, आणि महाराष्ट्रातल्या सगळ्या नातेवाइकांच्या डायऱ्यांमध्ये तोच. भोपाळला राहणाऱ्या मराठी घराला नंबरचं मोल जरा जास्तच असतं. माहेर-सासरची निम्मी माणसं विदर्भात, मुलं पुण्यात. सगळी ये-जा त्या एका नंबरावरून.

एका दिवाळीला नातू पुण्याहून नानांसाठी स्मार्टफोन घेऊन आला. पणतीचा चेहरा रोज बघता यावा, एवढीच त्यामागची इच्छा. नवा फोन फोर-जीचा. जुनं सिम त्याच्या कितीतरी आधीचं, आकारानंही मोठं. म्हणजे सिम बदलणं आलं. एरवी हे काम अवधपुरीच्या बाजारात चहा प्यायला थांबावं तेवढ्या वेळात होत असे, कारण तुमचं दुकान इथेच होतं. पण तुमचं विलीनीकरण सुरू झालं आणि दोन कंपन्यांची दुकानं एकाच भागात कशाला, असा विचार करून तुम्ही आमचं दुकान बंद केलंत. शटरवर एक कागद डकवला होता. पावसात भिजून त्यावरचा पत्ता वाचता येत नव्हता. तरी आम्ही निर्धास्त होतो. तुमचा मेसेज आला होता ना, की ग्राहकांना काहीही करावं लागणार नाही, सेवा पूर्वीसारखीच चालू राहील.

नाना, नातू आणि मी एमपी नगरच्या तुमच्या दुकानात गेलो. काउंटरवरचा मुलगा भला होता, हे आधी सांगते. माझी तक्रार त्याच्याबद्दल नाही. त्याच्यासमोर दोन कॉम्प्युटर होते, एक जुन्या कंपनीचा, एक नव्या. जुन्यावर त्याने नानांचं सिम बंद केलं. नव्यावर नंबर टाकला आणि थबकला. पुन्हा टाकला. मग खुर्ची मागे सरकवून म्हणाला, “अंकल, आपका नंबर इधर शो नहीं कर रहा. सिस्टम माइग्रेट हो रहा है.”

शेवटी नंबर सापडला तर नाव जुळेना. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तीन पदरी नाव लिहितात. जुन्या अर्जावर कुणीतरी वडिलांचं नाव आडनावाच्या जागी टाकलेलं होतं. जुन्या कंपनीला त्याचं कधी काही वाटलं नाही, बिलं येत राहिली, आम्ही भरत राहिलो. नव्या सिस्टमने मात्र नानांना ओळखलं नाही. आधार कार्ड दाखवलं, पेन्शनचं पुस्तक दाखवलं, भेलचं निवृत्तीचं ओळखपत्र दाखवलं. नाना प्रत्येक कागद दोन्ही हातांनी काउंटरवर सरळ करून ठेवत होते, कारखान्यात ड्रॉइंग अंथरावं तसं. मुलगा म्हणाला, वरून मंजुरी यावी लागेल. जुनं सिम बंद झालेलं, नवं सुरू व्हायला तयार नाही. नवा कोरा फोन घेऊन आम्ही घरी आलो, त्याच्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यात ‘नो सर्व्हिस’.

मंजुरी लगेच आली नाही. फोन केला की तक्रारीचा एक क्रमांक मिळे, पुढच्या वेळी तो क्रमांक सांगितला की समोरचा म्हणे, हा तर जुन्या कंपनीचा डॉकेट आहे, आमच्याकडे दिसत नाही. जुन्या हेल्पलाइनवर फोन केला तर तो आपोआप नव्या हेल्पलाइनकडे जाई. दिवाळीचे दिवस असेच गेले.

भाऊबीजेला नानांच्या धाकट्या बहिणीने, अमरावतीच्या आत्यांनी, दरवर्षीप्रमाणे सकाळी फोन केला. त्यांना नानांचा नंबर पाठ आहे. बाकी आमच्यापैकी कुणाचाच नाही, कधी गरज पडली नाही. त्यांना पलीकडून एका बाईचा आवाज ऐकू आला, की हा नंबर सेवेत नाही. त्यांनी पुन्हा लावला. दिवसभर लावत राहिल्या. ऐंशीच्या घरातल्या भावाचा नंबर भाऊबीजेला सेवेत नसेल तर बहीण काय समजेल, हे तुमच्यातल्या कुणीतरी एकदा डोळे मिटून बघावं. रात्री त्यांच्या मुलाचा नागपूरहून मला फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलला, मग आवाज खाली आणून विचारलं, “वहिनी, मामा बरे आहेत ना?” मी नानांना फोन दिला. आत्या पलीकडे नुसत्या रडत होत्या. नाना त्यांना समजावत होते, “अगं, मी आहे. सिम बदललंय फक्त.”

या एका रात्रीसाठी मी तुम्हाला पत्र लिहिते आहे. बाकीचं सगळं सोसता आलं असतं.

बाकीचंही थोडं नव्हतं. नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्याचा महिना. आता हा दाखला, जीवन प्रमाण, घरबसल्या काढता येतो, पण ओटीपी याच नंबरावर येतो. नाना काठी टेकत बँकेत गेले आणि कागदावर सही करून आले. सिम सुरू झाल्यानंतरही काही काळ एसेमेस बंद असतात, ते कशासाठी हे मला कळतं. दुसऱ्याच्या नावाचं सिम काढून बँकेतले पैसे लुटणारे आहेत, त्यांना अडवायलाच हवं. त्या नियमाबद्दल माझं काहीही म्हणणं नाही. म्हणणं एवढंच, की नव्या सिस्टममध्ये माणूस सापडतो की नाही हे बघितल्याशिवाय त्याचं चालू सिम बंद का केलंत?

नानांनी स्वतः एक विलीनीकरण अनुभवलेलं आहे. १९७४ साली हेवी इलेक्ट्रिकल्स भेलमध्ये विलीन झाली. हजारो कामगार, त्यांचे फंड, त्यांची क्वार्टरं, त्यांच्या बढत्या, सगळं हातानं लिहिलेल्या रजिस्टरांत. कॉम्प्युटर नव्हते. नाना सांगतात, पगाराच्या पाकिटावरचं नाव बदललं, बाकी काही नाही. नोकरीतला एक दिवसही तुटला नाही. त्यांचं सर्व्हिस बुक मी पाहिलं आहे. जुन्या कंपनीच्या शिक्क्याखालच्या ओळीवर नव्या कंपनीचा शिक्का आहे आणि तारखा अखंड आहेत. कुणीतरी बसून एकेक वही तपासली असणार. तुमच्याकडे तर यंत्रं होती, पैसा होता, आणि आधीपासून आखलेलं वेळापत्रक होतं.

सौद्याच्या बातम्या आम्ही वाचत होतो. ३१ ऑगस्ट २०१८ रोजी व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या तेव्हा ४० कोटींहून जास्त ग्राहक म्हणून देशातली सगळ्यात मोठी कंपनी, असं छापून आलं. परवानगी देण्याआधी सरकारने रोख आणि हमी मिळून ७,२०० कोटींहून जास्त मागून घेतले. त्याच वर्षी मे महिन्यात टेलिनॉर एअरटेलमध्ये गेली, १ जुलै २०१९ पासून टाटांचे मोबाइल ग्राहक १९ सर्कलमधून एअरटेलकडे आले. त्याच्या आधी, डिसेंबर २०१७ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सने मोबाइलवरची बोलण्याची सेवा थांबवली. पाठोपाठ एअरसेल दिवाळखोरीत गेली आणि तिच्या ग्राहकांना पोर्टिंगचा कोड मिळवायलाही नेटवर्क उरलं नाही, तेव्हा दूरसंचार नियामकाला, म्हणजे ट्रायला, कोडची मुदत वाढवून द्यावी लागली. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आली, दर कोसळले, छोट्यांना टिकणं जमेना, हे अर्थशास्त्र आम्हालाही समजतं. कर्जात बुडण्यापेक्षा एकत्र येणं बरं, हेही मान्य आहे. तुम्ही एकत्र आलात याचा मला राग नाही. ‘एवढे कोटी ग्राहक’ म्हणून जो आकडा तुम्ही बँकांना, भागधारकांना, सरकारला अभिमानाने दाखवलात, त्या आकड्यात नाना होते. सौदा पुरा झाल्यावर मात्र काउंटरवर त्यांना ‘इधर शो नहीं कर रहा’ ऐकावं लागलं, हे मनाला लागलं.

दूरसंचार खात्याने विलीनीकरणाचे नियम २० फेब्रुवारी २०१४ रोजी काढले. एका सर्कलमध्ये ग्राहकांचा किंवा उत्पन्नाचा वाटा ५० टक्क्यांच्या वर गेला तर वर्षभरात कमी करायचा, स्पेक्ट्रमचे पैसे कसे भरायचे, जुनी देणी कुणी फेडायची, हे त्यात आहे. बाजाराचा, लहरींचा आणि तिजोरीचा हिशेब नीट राखला गेला. आमच्यासारख्यांचं सिम चालू राहील, वस्तीतला काउंटर काही महिने उघडा राहील, जुन्या तक्रारीचा क्रमांक नव्या कंपनीने मानला पाहिजे, असंही त्यात ठळकपणे यायला हवं होतं.

‘मग दुसऱ्या कंपनीत जायचं होतं’ असं मला कितीतरी जणांनी सुनावलं. पोर्टिंग देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे, ठाऊक आहे. पण त्यासाठी १९०० वर एसेमेस पाठवावा लागतो, तो चालू सिमवरूनच. आमचं सिम तर तुम्हीच बंद केलेलं. आणि जायचं तरी कुठे? आमच्या शेजारच्या काकूंनी एका कंपनीला कंटाळून दुसरी धरली होती. विलीनीकरणानंतर त्या पुन्हा पहिल्याच कंपनीच्या दारात उभ्या. आता देशात तीन खासगी कंपन्या आणि सरकारी सेवा एवढंच उरलं आहे. पर्याय घटत गेले तसा तुमचा आमच्याशी बोलण्याचा सूरही बदलत गेला, असं मला वाटतं.

तक्रारीची वाट तरी कशी आखलेली आहे? आधी कंपनीचं तक्रार केंद्र, मग कंपनीचंच अपील प्राधिकरण, त्याने ३९ दिवसांत निकाल द्यायचा. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार हाती घेत नाही, ती कंपनीकडेच पाठवते. ग्राहक मंचात जाऊ म्हटलं तर २००९ च्या एका निकालाचा आधार घेऊन कंपन्या वर्षानुवर्षं सांगत आल्या, की टेलिफोनचे तंटे तिथे चालत नाहीत. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते म्हणणं फेटाळलं, तेव्हा कुठे मोबाइलच्या ग्राहकाला मंचाचं दार निश्चितपणे उघडं झालं. आम्ही त्याच्या आधीचे. आम्हाला तुमच्याच दारात पुन्हा पुन्हा उभं राहावं लागलं.

मला भरपाई नको. नानांनी एक पैसाही मागितलेला नाही, त्यांच्या स्वभावात ते नाही. पुढच्या वेळी तुम्ही कुणाला विकत घ्याल किंवा कुणाला विकले जाल, तेव्हा मात्र या गोष्टी करा. नवं सिम हातात चालू झाल्याशिवाय जुनं बंद करू नका. साठीच्या पुढच्या ग्राहकांची नावं-कागद सौद्याच्या आधी तपासून घ्या. चूक सापडली तर त्यांना बोलावू नका, तुमचा माणूस घरी पाठवा. दुकान हलवायचं असेल तर ते वस्तीत हातोहात कळवा. आणि बंद नंबरावर जी ध्वनिफीत वाजते तिच्यात निदान एवढं घाला, की सिम बदलण्याचं काम सुरू आहे. अमरावतीच्या आत्यांसाठी एवढं एक वाक्य पुरलं असतं.

उत्तर द्यायचं असेल तर मला ईमेल करू नका. नानांच्या नावाने, तीनही पदांसह, आडनाव आडनावाच्याच जागी लिहून, कागदावर पाठवा. पत्ता तुमच्या सिस्टममध्ये आहे. आता तरी तो बरोबर असेल, अशी आशा करते.

आपली,
अवधपुरीतली एक जुनी ग्राहक
भोपाळ