घर बांधणाऱ्या औंढेकरांनो, काँक्रीट ओतायच्या आधी थांबा!

औंढा नागनाथ शहरात आणि तालुक्यातल्या गावांत घर बांधायला काढलेल्या सगळ्यांना कळकळीची विनंती: पायाचे खड्डे खोदून झाले असतील, तर काँक्रीट चार दिवस लांबवा.

21 मार्च 2024 च्या सकाळी आपल्या जिल्ह्यात 4.5 रिश्टरचा धक्का बसला आणि दहा-बारा मिनिटांत 3.6 चा दुसरा. त्याच वर्षी 10 जुलैला पुन्हा 4.5. पिंपळदरी, पांगरा शिंदेच्या लोकांना जमिनीतला गडगडाट नवा नाही. भांडी वाजतात, माणसं अंगणात येतात, जरा वेळानं परत आत जातात. 1993 सालापर्यंत किल्लारीसुद्धा नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. त्या वर्षी 30 सप्टेंबरच्या पहाटे तिथल्या भूकंपात जवळपास दहा हजार माणसं गेली. त्यातली बहुतेक आपल्याच घराच्या दगडमातीखाली.

आता आपली घरं बांधतं कोण, ते बघा. सरकारी पूल बांधायचा तर गुत्तेदाराला सार्वजनिक बांधकाम विभागात नोंदणी लागते. तुमचं घर बांधणाऱ्या गुत्तेदाराची मात्र कुठली परीक्षा होत नाही, त्याच्याकडे परवाना मागितला जात नाही. रेरा कायदा आहे तो फ्लॅट-प्लॉट विकणाऱ्यांसाठी. परवाना असतो नकाशावर सही करणाऱ्या अभियंत्याकडे, आणि ती सही आपण फाइलीपुरती घेतो. ग्रामीण घरकुल योजनेत तर गुत्तेदार लावायचाच नाही, लाभार्थ्यानं स्वतः बांधायचं, असा नियम आहे. नियम चांगलाच. पण अनुदान हप्त्याहप्त्यानं येतं, मालक रोजगाराला गेलेला असतो, आणि काम तोंडी गुत्त्यावर जातं. भाव ठरतो, बाकी काहीच ठरत नाही.

तेव्हा ज्याला पायाचे खड्डे दाखवायचे, त्याच अभियंत्याची सही घ्या. हे सांगणारा स्वतः अभियंता आहे, धंद्यासाठी बोलतो असं वाटलं तर वाटू द्या. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया तिच्यात सोडू नका, खाली मुरूम लागेपर्यंत जाऊ द्या.

कॉलमची सळई उभी राहिली की जवळ जाऊन रिंगा बघा. रिंगेची दोन्ही टोकं आत, गाभ्याकडे वळलेली हवीत. नुसती काटकोनात दुमडलेली रिंग धक्क्यात उघडते आणि सळया बाहेर फाकतात. कॉलमच्या बुडाशी आणि माथ्याशी रिंगा चार-चार इंचांवर घ्या. वाकवायला वेळ लागतो म्हणून मिस्त्री कुरकुर करील, करू द्या. मालात नळीनं पाणी सोडू देऊ नका. सिमेंटच्या 50 किलोच्या पोत्याला साधारण 25 ते 28 लिटर पुरतं, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. भिंतीचं घर असेल तर जोत्यावर आणि दारं-खिडक्यांच्या माथ्यावर सळईचा सलग पट्टा घ्या, कोपऱ्यात तोडू नका. स्लॅबवर निदान दहा दिवस आळी करून पाणी ठेवा.

गुत्तं कागदावर लिहा: सळई किती जाडीची, माल कुठल्या प्रमाणात, पैसे कोणत्या टप्प्याला. गुत्तेदार पाहुण्यातला असला तरी लिहा, पाहुण्यातला असेल तर आधी लिहा.

नगरपंचायत आणि पंचायत समितीच्या अभियंत्यांनाही सांगणं आहे: हप्त्याचा फोटो काढायला येताच, तर स्लॅबच्या आदल्या दिवशी या, सळई उघडी असताना.