चित्रांचं पुस्तक

"हे शाळेतल्या पोरांचं पुस्तक आहे रे. वाचायचंच तर डॉक्युमेंटेशन वाच." माझ्या टेबलावर जॉन डकेटचं 'एचटीएमएल अँड सीएसएस' पाहून ऑफिसातला एक सीनियर म्हणाला होता. मी नुकताच इंजिनिअरिंग संपवून नोकरीला लागलो होतो. ओशाळून पुस्तक ड्रॉवरमध्ये टाकलं आणि नंतर घरी नेऊन वाचलं. आज लाज वाटते ती त्या ओशाळण्याची.

पदवीच्या चार वर्षांत मी टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर मॅट्रिक्सचे गुणाकार केले आणि दुसऱ्यांची जर्नल्स उतरवून काढली. बॉक्स मॉडेलवर पाच मार्कांचं उत्तरही लिहिलं. पण रुंदी ३०० पिक्सेल दिलेला डबा पानावर ३४२ पिक्सेल जागा का खातो, हे डकेटचं चित्र बघेपर्यंत कळलं नव्हतं. रुंदी मोजली जाते ती आतल्या मजकुराची. दोन्ही बाजूंचं वीस-वीस पिक्सेलचं पॅडिंग आणि एकेक पिक्सेलची कडा त्यावर चढते. एवढंच! पाच मार्क मिळाले होते मला त्याचे.

डॉक्युमेंटेशनला माझा विरोध नाही, रोज उघडतो. पण ते शब्दकोशासारखं असतं: काय शोधायचंय त्याचं नाव आधी ठाऊक हवं. नवशिक्याकडे नेमकं तेच नसतं. त्यात वेबचं एक वेगळंच दुखणं आहे. सीमध्ये अर्धविराम राहिला तर कंपायलर अडवतो. एचटीएमएलमध्ये टॅग बंद करायचा राहिला तर ब्राउझर अवाक्षर काढत नाही, आपल्या परीनं अंदाज बांधून काहीतरी दाखवून मोकळा होतो. चुकलंय हेच समजत नाही. अशा वेळी शेजारी बसून एकेक गोष्ट दाखवणारं कुणीतरी लागतं, आणि प्रत्येकाच्या घरात इंजिनिअर दादा नसतो.

दुसरा आक्षेप जुनेपणाचा. पुस्तक २०११ चं, पानाची मांडणी फ्लोटनं शिकवणारं. फ्लोट मुळात चित्राच्या बाजूनं मजकूर वाहावा म्हणून होता, त्यावर अख्खं पान उभं करणं हा जुगाडच. २०१७ मध्ये प्रमुख ब्राउझरांत ग्रिड आलं आणि तो धडा बाद झाला. मान्य. तो विसरून फ्लेक्सबॉक्स नि ग्रिड शिकायला मला आठवडा लागला. आठवडा! बाकीचं पुस्तक अजून उपयोगी पडतं. टिम बर्नर्स-ली यांनी सर्नमध्ये केलेलं पहिलं संकेतस्थळ आजच्या ब्राउझरमध्येही उघडतं. तेव्हा 'या क्षेत्रात सगळं दोन वर्षांत कालबाह्य होतं' हे वाक्य मला तरी कोर्स विकणाऱ्यांच्या सोयीचं वाटतं.

सर्व्हर आणि एचटीटीपी कसं चालतं, हे या पुस्तकातून समजणार नाही. त्यासाठी दुसरं काही वाचावं लागतं.

आता मी मुलाखती घेतो. समोरच्या मुलांना रिअ‍ॅक्टचे हुक्स तोंडपाठ असतात. साधा फॉर्म करायला सांगितला की बरेच जण 'सबमिट' चं बटन डिवचं करतात. रंग देतात, कोपरे गोल करतात, क्लिक जोडतात. मी माउस बाजूला सरकवून टॅबची कळ दाबतो. फोकस शेवटच्या रकान्यातून थेट बटनापलीकडे उडी मारतो. स्क्रीन रीडर लावला तर तो तिथं बटन आहे असं सांगतच नाही. ज्यांना दिसत नाही किंवा ज्यांच्या हातात माउस धरण्याची ताकद नाही, त्यांचा फॉर्म भरून होतो आणि पाठवता येत नाही. तो फॉर्म उद्या पेन्शनचा असू शकतो, कॉलेजच्या प्रवेशाचा असू शकतो. बटनासाठी बटनाचाच टॅग वापरला असता तर हे आयतं मिळालं असतं. डकेटच्या फॉर्मच्या प्रकरणात तो टॅग आहे.

मागच्या महिन्यात एकाला हे दाखवलं, तर म्हणाला, "पण सर, माउसनं होतंय ना?"

पुस्तक आता माझ्या टेबलावरच असतं. फ्लोटच्या पानांवर पेन्सिलनं फुली मारून ठेवली आहे.