आवडीची आरएक्स ट्रॅकवर न्यायचीय? आधी दोन गाड्यांचा हिशोब मांडा



गॅरेज टाकू पाहणारी पोरं मला एक प्रश्न हमखास विचारतात. "सर, घरी वडिलांची जुनी आरएक्स हंड्रेड आहे. तिची रेसिंग गाडी बनवली तर गॅरेजचं नाव होईल ना?"

माझं मत सरळ सांगतो. रेसिंग गाडी जरूर बनवा, पण घरातली चांगली आरएक्स कापून बनवू नका.

परदेशात लोक जुनी माझदा मियाटा घेतात, आतलं सामान काढून हलकी करतात आणि ट्रॅकवर नेतात. आपल्या देवगाव रंगारीत, कन्नड-वैजापूर पट्ट्यात स्पोर्ट्स कार कुणाकडे होती? आपली स्पोर्ट्स कार म्हणजे आरएक्सच. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, त्याच वर्षी ही यामाहा बाजारात आली. १९९६ ला बंद झाली. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, ११ हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या आसपास. आकडे लहान आहेत, पण गाडी हलकी म्हणून उचल जबरदस्त. आणि आता नवीन येत नाही, म्हणून मूळ अवस्थेतल्या गाडीला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही.

आता ट्रॅकसाठी काय करावं लागतं ते बघा. लाईट, इंडिकेटर, कॅरिअर, स्टँड निघतात. सिलेंडरचे पोर्ट घासून मोठे करतात, सायलेन्सरच्या जागी एक्सपान्शन चेंबर येतो, कार्बोरेटरचे जेट बदलतात. यात एक गोष्ट लक्षात ठेवा: घासलेला पोर्ट परत भरता येत नाही. शिवाय ताकद वरच्या आरपीएमवर जाते. काल डबलसीट औट्रम घाट चढणारी गाडी उद्या खालच्या आरपीएमला रडते. जेट चुकून पेट्रोल कमी पडलं, तर इंजिन तापून पिस्टन जाम होतो, तोही भर वेगात.

म्हणजे ही गाडी आता तीच राहिली नाही. धंद्याच्या भाषेत ही दोन वेगळी प्रॉडक्ट आहेत आणि दोघांची गिऱ्हाईकं वेगळी आहेत.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. समजा मूळ गाडी ८० हजाराला जाते. तुम्ही तिच्यावर ४० हजार घातले. तुमच्या डोक्यात किंमत झाली १ लाख २० हजार. पण रेसिंग गाडी घेणारा म्हणतो, "५० देतो." गेले ७० हजार! आणि तुमची मजुरी तर यात धरलेलीच नाही. खर्च केला म्हणून किंमत वाढत नाही. किंमत गिऱ्हाईक ठरवतं.

दुसरा मुद्दा कायद्याचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच ठणकावून सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून ट्रॅकची गाडी टेम्पोत घालूनच न्यायची. हायवेवर 'टेस्टिंग' करायचं नाही. तिथे समोरून कुणाची तरी आई एसटीतून उतरून रस्ता ओलांडत असते. गॅरेजचं नाव त्या एका दिवसात कायमचं जातं.

मग करायचं काय?

पहिलं, डोनर गाडी घ्या. जिचं मूळपण आधीच गेलंय, टाकी बदललीय, रंग उडालाय, अशी. पण कागद बघूनच. चोरीची निघाली तर ट्रॅक राहील बाजूला.

दुसरं, आधी ट्रॅक ठरवा, मग गाडी. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला १९९० पासून ट्रॅक आहे. कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकादमी आहे. स्पर्धेत उतरायचं तर एफएमएससीआयचं लायसन्स लागतं. त्या वर्षीचं नियमपुस्तक वाचा, तुमच्या इंजिनाला त्यात वर्ग आहे का ते बघा. वर्ग नसेल तर एक रुपयाही घालू नका.

तिसरं, खर्चाचा क्रम: ब्रेक, टायर, सस्पेन्शन, आणि सगळ्यात शेवटी इंजिन. आरएक्स हंड्रेडला पुढे-मागे ड्रम ब्रेक आहेत. थांबता येत नसेल तर वेग वाढवून उपयोग काय? हेल्मेट आणि रायडिंग सूटचे पैसे याच बजेटमध्ये धरायचे.

चौथं, प्रत्येक काम वहीत लिहा. कोणता जेट टाकला, किती तास लागले, लेथवाल्याने किती घेतले. रेसिंगमधून लगेच पैसा येणार नाही. पैसा येईल तो लोकांच्या जुन्या आरएक्स नीट उभ्या करून देण्यात. ट्रॅकची गाडी ही तुमची जाहिरात आहे आणि ती वही म्हणजे तुमचं रेटकार्ड.

आवड ठेवा, जोरात ठेवा. फक्त आवड आणि भांडवल एकाच गाडीत घालू नका. वडिलांची आरएक्स धुऊन-पुसून, मूळ रूपात, गॅरेजच्या दारात उभी करा. ती बघूनच पहिलं गिऱ्हाईक आत येईल.