लस हा हक्क की बाजारातला माल?

बंगळूरच्या व्हाइटफील्डमध्ये एका बाजूला संगणक कंपन्यांचे काचेचे मनोरे व खाजगी इस्पितळे आहेत. दुसऱ्या बाजूला हेच मनोरे उभारणाऱ्या बांधकाम मजुरांच्या पत्र्याच्या झोपड्या. या दोन वर्गांच्या बालकांसाठी लसीकरणाची वेळापत्रकेही दोन आहेत!

पहिले सरकारी, मोफत. जन्मतः बीसीजी, पोलिओ व कावीळ-ब. सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांत पेंटाव्हॅलंट. नवव्या महिन्यात गोवर-रुबेला. दहाव्या व सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्प. १९८५ पासूनचा हा सार्वत्रिक कार्यक्रम म्हणजे जनतेची मोलाची मिळकत आहे. जानेवारी २०११ नंतर देशात वन्य पोलिओ विषाणूचा एकही रुग्ण आढळला नाही. हे यश बाजाराचे नव्हे. तुटपुंज्या मानधनावर घरोघर फिरणाऱ्या आशा व अंगणवाडी भगिनींचे आहे.

दुसरे वेळापत्रक बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे. त्यात विषमज्वर व कावीळ-अ यांच्याही लसी आहेत. पण त्या पदरचे पैसे मोजून घ्याव्या लागतात. हे दोन्ही रोग दूषित अन्नपाण्यातून पसरतात. म्हणजे ज्याच्या घरी शुद्ध पाणी, त्याच्या मुलाला लस. आणि ज्याची तहान टँकरवर भागते, त्याचे मूल वाऱ्यावर! ‘पालकांनी ऐपतीप्रमाणे निवड करावी’, असे बाजाराचे भाट सांगतात. रोजंदारीवर जगणाऱ्या मातेपुढे कसली आली निवड?

‘हे परवडणार नाही’, ही सबबही खोटी आहे. नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ साली विषमज्वराची लस एक लाखाहून अधिक बालकांना मोफत टोचली. एका महानगरपालिकेला जे साधले, ते केंद्र सरकारला का साधू नये?

खरे दुखणे उत्पादनाच्या मालकीत आहे. १८९७ साली हाफकिनने मुंबईत प्लेगची लस सिद्ध केली; त्या परंपरेच्या देशात जानेवारी २००८ मध्ये कसौली, कुन्नूर व गिंडी येथील सार्वजनिक लस संस्थांचे परवाने निलंबित करण्यात आले. कारण दिले उत्पादन-निकषांचे. निकष पाळलेच पाहिजेत. पण त्यासाठी वेळीच यंत्रसामग्री आधुनिक करावयाची, की उत्पादनच थांबवावयाचे? २०१० साली निलंबन उठले, परंतु दरम्यान खाजगी कंपन्यांना रान मोकळे झाले.

लसीमुळे शुद्ध पाण्याची मागणी मागे पडेल, अशी शंका काही साथी घेतात. ती अनाठायी आहे. नळ येईपर्यंत मुलांनी तापाने फणफणत राहावे काय? दोन्ही लढे एकच आहेत.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात: विषमज्वराची लस मोफत कार्यक्रमात घ्या; बांधकामाच्या प्रत्येक जागी लसीकरण सत्रे भरवा; गाव बदलले म्हणून स्थलांतरित मजुराच्या मुलाची एकही मात्रा चुकता कामा नये; सार्वजनिक लस कारखान्यांना भांडवल द्या. युनियनच्या प्रत्येक शाखेने वस्तीतील मुलांची लसीकरण-पत्रके तपासावीत व राहिलेल्या मात्रांची यादी घेऊन आरोग्य केंद्रावर धडक मारावी!